हातचा

बाक, क्रमांक एकशे बारा.
ग्राहकाला दिसते ती एवढीच ओळ
आणि तिच्यासमोर एकच आकडा.
मी मात्र कडेच्या बारक्या त्रिकोणावर टिचकी मारते
आणि त्या ओळीच्या पोटातून सात ओळी बाहेर येतात:
मेपलचा सांगाडा, लेनोरहून;
बेल्जियमचं लिनन, साडेसहा वार;
पिसांची गादी;
स्प्रिंगा अकरा;
पितळी खिळे दोनशे चाळीस,
त्यांचा दर बघून मी पुटपुटले होते, नाकापेक्षा मोती जड;
वाहतूक;
आणि सगळ्यात खाली, मजुरी.
चू लॉर, एकोणीस तास.

हिकरी गावात, जिथे दर तिसरं घर
खुर्च्यांवर जगतं किंवा जगत होतं,
मी बावीस वर्षं हेच करते.
तुकड्यांना एका क्रमांकाखाली नांदवते.
लिनन बोटीवर अडकलं
की पडद्यावर अख्खा बाक पिवळा होतो,
आलेले सहा भाग सातव्यासाठी थांबून राहतात,
चर्चच्या जेवणात प्रार्थना लांबली
की वाढलेल्या ताटाला कुणी हात लावत नाही
तसे.

एकशे बारा हॉइट आणि मार्लीन यूंट यांचा.
लाकूड त्याने निवडलं,
नमुन्यावरून अंगठा फिरवत, बराच वेळ, न बोलता.
कापड तिने.
तीन करडे रंग खिडकीशी धरून म्हणाली,
यातला जो कमी उदास आहे तो.
दोघांना पुरेल एवढीच लांबी. तिसरा मावला नसता.

मार्चमध्ये वकिलाचं पत्र आलं.
ज्याने जे निवडलं
त्याने त्याचे पैसे द्यावेत.
महिनाभर भिजत ठेवलं मी ते घोंगडं.
मग एका सोमवारी, कॉफी निवत असताना,
‘घटक वेगळे करा’ दाबलं.
खात्री आहे? असं विचारलं त्याने.
मला कुठली खात्री असणार.
हो म्हटलं.

सांगाडा हॉइटच्या खात्यात.
लिनन मार्लीनच्या, गादीही तिच्याच.
वाहतूक अर्धी अर्धी.
खिळे एकशे वीस, एकशे वीस.
स्प्रिंगा कुणीच निवडल्या नव्हत्या,
त्याला सहा दिल्या, तिला पाच.
वजन त्याचं जास्त.

उरली मजुरी.
कुठल्याच खात्यात जाईना.
लाल अक्षरांत तेच ते:
मूळ वस्तू सापडत नाही.

दुपारी चू लॉरकडे गेले,
मोज्यांच्या बंद गिरणीमागच्या त्याच्या शेडमध्ये.
बाक दारातच उभा होता.
पूर्ण. चारही पायांवर.
मी सांगितलं काय झालं ते.
तोंडातले खिळे हातावर काढून तो म्हणाला,
तू आज तोडलास?
मी तर मंगळवारीच गोंद लावला.
मग त्याने बाक उलटा केला
आणि मला खाली वाकायला लावलं.
कापड लाकडाच्या खाचेत गेलेलं,
खाच गोंदाने भरलेली,
गोंदावर त्याच्या बोटाचा ठसा वाळलेला.
हं, म्हणाला, दाखव,
त्याचं कुठं संपतं ते.

शाळेत मला बेरीज यायची नाही.
हातचा धरायला विसरायचे नेहमी,
खालचं उत्तर नीटनेटकं आणि चूक.
गाडीत बसल्यावर ते आठवलं, का कोण जाणे.
एकोणीस तास, आणि पाटीच्या कोपऱ्यात
कुणीच मांडून ठेवले नव्हते.

त्याचे पैसे मी ‘इतर खर्च’ मध्ये घातले.
मालकीणबाई विचारतील तेव्हा विचारतील.
यूंट दोघांपैकी कुणी बाक न्यायला आलं नाही,
फोनही उचलत नाहीत.
दर शुक्रवारी पडदा मला विचारतो,
सुटे सहा भाग, ठिकाण नोंदवा.

गेल्या शुक्रवारी गेले होते बघायला.
चू लॉरची धाकटी, पा हौआ,
बूट काढून बाकावर आडवी पडली होती,
वही पोटावर, पेन्सिल दातात.
मला बघून पाय जरासे आवरले तिने,
बसायला जागा दिली.

परत येऊन सहाही ओळींत
एकच मजकूर भरला:
चू लॉरकडे. वापरात आहे.