खोका

पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीत बसून
मी लिहिलं होतं : चेक द बॉक्स.
तीन शब्द. क्रियापद पहिलं.
कर्ता नाही, आज्ञेला तो लागत नाही.

मालीम जेटीवर पहाटे पाचला
इनासबाबनं टॅब्लेट हातात घेतला,
वाचलं, मान डोलावली
आणि जाऊन खोका तपासला.
थर्माकोलचं झाकण काढून, बर्फात बोटं खुपसून
वरचे बांगडे, तळचे बांगडे,
एकाचे कल्ले उघडून लाल आहेत ना, तेही.
परत आला. स्क्रीन तशीच.
पुन्हा वाचलं, पुन्हा तपासून आला.
मग कुणा पोरानं त्याला खालची ओळ दाखवली :
क्लिअर द बॉक्स.
असं सांगा ना, म्हणाला तो,
आणि खोका रिकामा केला.

घारींना इंग्रजी येत नाही.
त्यांना लगेच समजलं.

तीस किलोचे पैसे माझ्या पगारातून.
मॅनेजर फोनवर म्हणाला, माणूस अडाणी आहे.
मी स्कूटर काढून उतार उतरले.

अडाणी माणूस अठ्ठावीस वर्षं तारवटी होता.
रॉटरडॅमच्या धुक्यात त्यानं जहाजाचं चाक धरलंय.
'बाय,' म्हणाला, 'पायलट म्हणायचा पोर्ट टेन.
मी चाक फिरवता फिरवता म्हणायचो पोर्ट टेन.
चाक तिथं पोचलं की परत एकदा.
हात हलवताना जो परत म्हणता येत नाही
तो हुकूम न्हय.
आणि राईट हा शब्द आम्ही कधी
'बरोबर' म्हणून वापरला नाही.
जहाज धक्क्यावर चढलं असतं.'

पालथ्या क्रेटवर बसून, खवले झटकत
मी नवं लिहिलं :
टॅप द स्मॉल स्क्वेअर. अ टिक विल अपिअर.
त्यानं मोठ्यानं वाचलं, वाचतानाच बोट टेकवलं,
'अ टिक विल अपिअर,' आणि ती आली,
हाक मारल्यासारखी.
क्लिअर खोडलं. रिमूव्ह द टिक.
तेही त्यानं म्हणत म्हणत केलं,
मग पुन्हा टिक लावली, पुन्हा काढली,
उगाच, दोनदा.

बर्फाचा ट्रक मागे मागे येत होता.
कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, बस,
आणि ट्रक बरोब्बर 'बस'वर उभा राहिला.
इतकं साधं. मी चार वर्षं पगार घेतेय.

तेवढ्यात त्याचं बोट भलतीकडे लागलं
आणि चौकट उघडली :
कॅन्सल करायचं आहे का?
खाली दोन बटणं. ओके. कॅन्सल.
तीही मीच लिहिलेली, गेल्या दिवाळीच्या आधी, घाईत.

तो बराच वेळ बघत राहिला.
'ह्यांतलं नाही कुठलं?'

मला सांगता येईना.
बोट काचेच्या अर्धा इंच वर, स्थिर,
चाकावर असायचं तसं.
मी म्हटलं, थांबा.
'थांबा,' तो म्हणाला,
आणि थांबला.