फेस

गंगावेशीत रात्री साडेनऊला म्हशी येतात,
कट्ट्यापाशी उभारतात, क्लास सुटायची वाट बघितल्यासारख्या.
महादबा धार काढतो थेट ग्लासात,
वर चार बोटं फेस.
"किती?"
"चार."
त्यानं पाच भरले.

आम्ही चौघं. तौसीफ, ऋग्वेद, शर्वाणी, मी.
अकरावी सायन्स, एका स्कुटीवर तिघं आणि एक सायकल.
पाचवा ग्लास त्यानं पायरीवर ठेवला
तौसीफच्या उजव्या हाताला,
जिथं धैर्यशील बसायचा,
एका दमात प्यायचा आणि मिशा पुसायचा,
नसलेल्या.

कुणी काही बोललं नाही.
मग भुतांच्या गोष्टी निघाल्या. निघतातच,
त्याचं नाव घ्यायचं नसलं की.
ऋग्वेद म्हणाला, रंकाळा भरला की संध्यामठात
पाण्याखाली कोणतरी दिवा लावतं.
शर्वाणीच्या मामानं उद्यमनगरात, रातपाळीला,
बंद लेथ फिरताना बघितलंय,
सकाळी खाली लोखंडाचा ताजा चुरा, गरम.
तौसीफ म्हणाला, "आणि आमच्या पेठेतलं तर..."
आणि ग्लास तोंडाला लावला.

पेठेतलं म्हणजे हे:
अमावास्येला तिकटीवर उतारा होता.
हळद-कुंकू, भाताचा मुटका, काळी बाहुली, लिंबू.
धैर्यशीलनं लिंबाला पेनल्टी मारली.
तौसीफनं व्हिडिओ काढला. लिंबू सरळ
रेशन दुकानाच्या शटरवर. गोल!
नऊ दिवसांनी शिरोली नाक्याजवळ डंपर.

पेठ म्हणते, लिंबू भोवलं.
त्याची आई म्हणते, लिंबू.
तालमीतले वस्ताद, कुणाच्या बापाला न भिणारे,
तिकटी सोडून पलीकडच्या बोळातनं जातात.
व्हिडिओ चाळीस हजार जणांनी बघितला,
कोपऱ्यातल्या काळ्या सावलीभोवती
कुणीतरी लाल गोल काढलाय.
ती सावली मी आहे.

लिंबू आमच्या फ्रिजमधलं.
भात दुपारचा. बाहुली धाकटीच्या दप्तराला लटकायची ती,
मार्करनं काळी केलेली.
मी ठेवलो.
(पुण्याची मावसबहीण हसते, आमच्याकडं पोरीही
"आलो", "गेलो" म्हणतात म्हणून. हसू दे.)
मी ठेवलो, आणि दुकानाच्या आडोशाला उभारलो
त्याची किंचाळी ऐकायला.
तो किंचाळलाच नाही.

सांगू कुणाला?
सांगितलं तर भूत जाईल
आणि नुसता डंपर राहील,
ओला रस्ता, हेल्मेट नसलेला सोळा वर्षांचा पोरगा.
त्याच्या आईकडं निदान लिंबू तरी आहे
शिव्या द्यायला.

कट्ट्यावर म्हशीनं मान वळवली.
रिकाम्या पायरीकडं बघत राहिली,
ओळखीचं कुणी आलं की बघते तशी, कान पुढं करून.
पाचव्या ग्लासातला फेस बसला होता,
दूध निम्म्यावर.
फेस बसतोच. दूध कमी दिसतंच. एवढं फिजिक्स मला येतं.
पण काठावर एके ठिकाणी
ओठाएवढी जागा पुसलेली होती.

बुटाची लेस बांधायचं निमित्त करून
मी पायरीजवळ वाकलो.
"धैऱ्या, लिंबू माझं होतं."
केएमटीची शेवटची बस गेली, निम्मी रिकामी.
"माहीत आहे" वगैरे काही ऐकू आलं नाही.
गोष्टींमध्ये येतं तसं
गारही वाटलं नाही.
दुधाचा वास आला, शेणाचा, आणि थोडासा
त्या स्वस्तातल्या जेलचा, जो तो केसांना थापायचा.

"पाचाचे द्या," महादबा म्हणाला.
ऋग्वेद भांडायला लागला, "चारच सांगितलेलं की, मामा."
"मोजून भरतोय मी, बाळा.
पाच जण बसलाय की."

पैसे मी दिलो. सुट्टे होते.
स्कुटीवर मागनं शर्वाणीनं विचारलं, अगदी हळू,
"चपलेला लेस कधीपासनं असते गं?"