सहाशे चाळीसवर

खट्.
एवढाच आवाज. आधी कुरकुर नाही, खोकला नाही.
काटा सहाशे चाळीसवर आला की झडप मिटते
आणि भट्टी गप्प,
भांडण अर्धं टाकून उठून गेलेल्या माणसासारखी.

दारूखान्यात, नांगर-साखळ्यांच्या दुकानांमागे माझा गाळा.
फंडाचे पैसे आले, भाड्यानं घेतला, भट्टी करवली.
चौतीस वर्षं पोरांना संत्रं काढायला शिकवलं,
म्हटलं, आता काहीतरी गोल स्वतःसाठी.
भट्टीचा पत्रा तोडलेल्या जहाजाचा.
वेलजीशेठ म्हणतात, बाई, लोखंडाला समुद्र आठवतो, म्हणून विझतं.
वेलजीशेठना काहीही म्हणायला आवडतं.

पहिल्या दिवशी संशय सिलिंडरवर.
एप्रिलचा घाम सगळ्यांना, त्याच्या पोटावर मात्र दव,
बोट चिकटेल इतका गार.
गॅस देऊन देऊन गारठला होता.
टबात कोमट पाणी घालून बसवला,
जोडीला दुसरा दिला.
सहाशे चाळीस. खट्.

दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर.
साबणाचा फेस लावून सगळे जोड पाहिले, एक बुडबुडा नाही.
थर्मोकपलचं टोक पॉलिश पेपरनं घासलं,
मग बदललंच, नऊशे रुपये.
खट्.

आत एकशे वीस वाट्या,
तापून निवलेल्या, तापून निवलेल्या.
माती असं किती वेळा सोसते
कुणाला विचारावं कळेना.
दार उघडून बघेन, या भीतीनं
पाना दुलारीबरोबर घरी पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी दस्तगीरभाई.
डोंगरीतल्या बिर्याणीच्या शेगड्या, लग्नांच्या चुली त्यांच्या हातच्या,
कुंभारकामाची भट्टी पहिलीच.
त्यांनी काही उघडलं नाही. स्टुलावर बसले. चहा मागवला.
दुपारी चारला खाडीचा वारा शटरखालून शिरला
तेव्हा म्हणाले, "बाई, पायलट बघा. मान टाकते."

पाहिलं.
निळी हवी ती ज्योत पिवळी, आळशी,
वाऱ्यासरशी लवून थर्मोकपलकडे पाठ करायची.
टोक गार पडायचं, झडपेला वाटायचं आग गेली.
झडप बिचारी खरंच बोलत होती.
रोज नऊला पेटवायची, रोज चारला सहाशे चाळीस.
मी तापमान लिहीत बसले. घड्याळ लिहायला हवं होतं.

खट्, म्हणाली भट्टी, चौथ्यांदा.
"हिला हवा मिळत नाही," दस्तगीरभाई म्हणाले,
नळी निवू दिली, सोडवली, सायकलच्या तारेनं खरवडली.

तळहातावर पडलं ते मातीचं घर.
पेराएवढं. तीन खोल्या.
एकीला भोक, पोर उडून गेलेलं.
दोन बंद.
कुंभारीण.

माझ्या सात पिढ्यांत कुणी चाक फिरवलं नाही.
ही जन्मतःच. चाक नाही, काटा नाही, फंड नाही,
तोंडात गोळी धरून येरझाऱ्या.
आणि माती ओळखीची निघाली,
करडी, बारीक वाळूची,
माझ्याच बादलीतली.
ज्योत कधी उलटी फिरून नळीत शिरली असेल,
घर एका अंगानं गुलाबी झालं होतं.
तीन दिवसांत या गाळ्यात
भाजून निघालेली ती एकच वस्तू.

नळीच्या तोंडाला त्यांनी चहाच्या गाळणीची जाळी बसवली.
मजुरी शेगडीचीच घेतली.
रात्री अकराला नऊशे ऐंशी.
वाट्या निघाल्या एकशे नऊ,
अकरांना ते निवणं बाधलं.

वहीत रकाना आहे, बंद पडण्याचे कारण.
तिथे आधी 'वारा' लिहिलं, मग 'हवा'.
एकही खोडलं नाही.

घर मीटरच्या डब्यावर ठेवलंय.
दुलारी म्हणते, फोडून बघू या, आत काय आहे.
नको म्हटलं.
दार न उघडण्याची
आता कुठे सवय लागतेय.