वस्तऱ्याची मूठ

पाणी गारच आहे, रावजी. माघ आहे.
मान खाली घाला. हं.
कोण गेलं? थोरले बंधू? असो.

तो पायरीवर बसलाय ना, गर्ग्यांचा धाकटा,
दाढी फुटली नाही अजून, पण रोज येतो,
सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालून.
पाण्याकडे बघत पुटपुटतो, जणू संध्याच करतोय:
चीनचा बादशहा पायउतार झाला.
सहा वर्षांचं पोर होतं म्हणे गादीवर.
लोक भर रस्त्यात वेण्या कापताहेत.

नाटकगृहात गोळी सुटली त्याला दोन वर्षं होऊन गेली,
तेव्हापासून हे गाव खाकरतानाही आजूबाजूला बघतं.
पण चीन लांब. लांबच्या बातमीला बंदी नाही,
म्हणून ती चार-चारदा वाचतात,
आणि वाचताना डोळे भलतीकडेच असतात.

मी गेलोय तिथे.
हसू नका, वस्तरा लागेल.
देवळालीच्या छावणीतला न्हावी, सखाहरी बिडवे,
पगार सात रुपये, बोटीवर खाणं फुकट.
महिनाभर ओकत गेलो, आणि उतरलो तर
समोर जोंधळा!
शप्पथ, आपलाच जोंधळा, फक्त हत्ती लपेल इतका उंच.
त्यातून पोरं यायची, डोक्याला तांबडं फडकं,
कुणाच्या हातात भाला, कुणाची नुसती आवळलेली मूठ.
गोळी अंगाला लागत नाही, असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं.
लागायची.

साहेबलोकांना आठवण हवी होती, घरी न्यायला.
हुकूम झाला, बांधलेल्यांच्या वेण्या काप.
वेणीमागे दोन आणे.
मी कापल्या. किती, ते विचारू नका.
एक म्हातारा होता, तुमच्याच वयाचा,
त्यानं मान आपण होऊन पुढे केली, तुम्ही केलीत तशी;
त्याला वाटलं, मानच कापणार.
नुसती वेणी गेली हे कळल्यावर रडला.

पोराला हे सांगितलं तर म्हणतो,
सखाहरी, ती वेणी त्यांची नव्हतीच.
उत्तरेकडून चालून आलेल्या राजानं लादलेली.
वेणी ठेव, नाहीतर मुंडकं दे.
अडीचशे वर्षं पाठीवर वागवली त्यांनी.

असेल. तो शिकलेला आहे.
पण मग म्हातारा का रडला?
रात्रभर धार लावत बसलो.
वस्तऱ्याची मूठ कुणाच्या हातात, हे बघायचं असतं बहुतेक.
मी तेव्हा दोन आणे बघत होतो.

एक वेणी माझ्या ट्रंकेत राहिली होती.
ज्या साहेबाची, तो तापानं मेला बोटीवरच.
बायकोला वाटायचं घोड्याची शेपटी.
काल, अस्थी सोडतात तिथे, सोडून आलो.
इथे हाडांचं पाणी होतं म्हणतात.
केसांचं होत नाही.
आज बघतो तर खालच्या पायरीला अडकलेली,
काळी, ओली, तशीच.

आणि सकाळी हा पोरगा म्हणतो, माझी शेंडी उतरव.
म्हटलं, ती तुझ्या आईनं राखलीय, तिला विचारून ये.
नाहीतर तूच घे वस्तरा,
मी आरसा धरतो.
तेव्हापासून बसलाय तिथे, डोक्यावरून हात फिरवत.

हलू नका. शिपाई येतोय.
या दादा, बसा, पुढची पाळी तुमचीच.
छे, कसल्या गप्पा,
केसांच्या गोष्टी. न्हाव्याकडे दुसरं काय असणार.