वानराचा थेंब

आधी मी भरताला दोष दिला.
पालच्या डिसेंबरात, पऱ्हाट्या पेटवून
लोक वांगी भाजत होते,
आणि मी दहीभाताचा डबा उघडून
धुराकडं पाठ करून बसले होते.

एक वही केली.
सोमवार. कळण्याची भाकरी, ठेचा नाही. गांधी उठल्या.
मंगळवार. नुसती खिचडी. उठल्या.
बुधवारी केळी बंद केली.
रावेर तालुक्यात केळीवर संशय घेणं म्हणजे
मामाच्या ओसरीवर जेवून
मामालाच चोर म्हणणं.

आई म्हणाली, आमसुलाचं पाणी लाव, घोंगडीवर लोळ.
लोळले.
पाठ आणखी लाल झाली, एवढंच.

वहीत एक गोष्ट मी लिहीतच नव्हते.
रेंज ऑफिसमागच्या खोलीतलं पिल्लू.
त्याची आई विजेच्या तारेला चिकटून गेली,
हे तिच्या पोटाला चिकटून राहिलं.
सुभान तडवीनं गोणपाटात गुंडाळून आणलं
आणि माझ्या हातात दिलं,
का, तर ड्यूटीवर बाई मी एकटीच.
दर तीन तासांनी सिरिंजनं दूध.
पोट भरलं की माझ्या मानेला हात टाकून
ते असं झोपायचं
की मी शिंकसुद्धा दाबून धरायची.
शिंका मात्र फार यायच्या.

जळगावला भिरूड मॅडमनी हातावर निळ्या पेनानं चौकोन आखले,
आमच्या रोपवाटिकेतल्या वाफ्यांसारखे.
एकेकात एकेक थेंब, वर सुईचं टोक:
धूळ, झुरळ, कुत्रा, मांजर, गाजरगवत.
धूळ जराशी उगवली.
बाकीचे वाफे कोरडे.
मी विचारलं, वानराचा थेंब?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तो नसतो आमच्याकडं.
तुमचं तुम्हालाच बघावं लागेल.

भावाच्या साखरपुड्याला भुसावळला गेले, आठ दिवस.
भरीत खाल्लं, दोन दोन वेळा वाढून घेतलं.
काही नाही.
नवव्या दिवशी परत आले, पिल्लाला उचललं,
घड्याळ लावलं.
वीस मिनिटांनी जीपच्या आरशात पाहिलं:
मानेभोवती एक पट्टा,
गळ्याखाली दोन छोटे पंजे, बोटांसकट,
मनगटावर शेपटीचा वेढा.
जिथं जिथं त्यानं मला धरलं होतं,
तिथंच. बाहेर एक ठिपका नाही.

त्या रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली.
सुभाननं घाट उतरवला तो कसा, मला आठवत नाही,
ऑक्सिजनच्या नळीची चव आठवते.

आता खिशात पंप असतो, पाकिटात गोळ्या,
आणि पंप कुठल्या खिशात ते
सुभानला माहीत, ड्रायव्हरला माहीत,
चहावाल्या गंभीरलासुद्धा.
त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय:
ओठ सुजले, आवाज बसला, दम अडला
तर मला विचारत बसायचं नाही,
जीप काढायची.
गणवेश घरी नेत नाही. त्याची बादली वेगळी.
खोली झाडायची असली की मी आवाराबाहेर.

आईला अजून पटत नाही.
"मारोतीचं रूप हाये ते,
त्याचा कोनाले त्रास व्हतो काबरं?"
मी म्हटलं, आई, रूपाचं मला कळत नाही.
हे केसांचं आहे, थुंकीचं आहे.

दोन दिवस ते सुभानच्या हातून प्यायलं नाही.
सिरिंज तोंडातून ढकलायचं, दाराकडं बघायचं.
तिसऱ्या दिवशी प्यायलं.
आता त्याच्या खांद्यावर बसून
त्याच्या कानातलं कायकाय शोधत असतं.

मी जाळीच्या बाहेर उभी राहते, वही घेऊन.
वजन, दूध, पाला कोणता खाल्ला.
उभं राहण्याआधी चिमूटभर माती सोडून बघते,
वारा माझ्याकडून त्याच्याकडं जाईल अशी जागा धरते.
म्हणजे माझा वास त्याला जातो.
त्याचा मला येत नाही.