गोल अक्षरं

इरय्या गुर्रम चष्मा कपाळावर सरकवून
फोन डोळ्याशी नेतो, लांब धरतो, पुन्हा जवळ आणतो.
"हे तेलुगूच की गं," म्हणतो,
"फक्त मला वाचता येत नाही."

नाव आहे ते. एका मास्तरणीचं.
बर्माच्या तुरुंगात, तिसरं वर्ष.
माझ्या बहिणीच्या मुलानं पाठवलंय, अंबण्णानं.
चंफाईजवळ रस्त्याच्या कामावर डंपर चालवतो,
रविवारी नदीपलीकडून आलेल्यांच्या छावणीत
पाण्याच्या टाक्या पोचवतो, डिझेल स्वतःचं घालून.
मावशी, म्हणाला, थंडी फार आहे.
मावशी, चादरी.

तर चादरी.
दत्तनगरच्या गल्लीत आम्ही सात जणी,
दिवसभर टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या,
रात्री सेकंडचा माल पसरून बसलो:
कुठे ताणा तुटलेला, कुठे मोराला मान नाही.
थंडीला काय कळतंय मोराची मान.

राजव्वा विड्यांचं सूप मांडीवर घेऊन आली.
"बर्मा म्हणजे रंगूनच ना?
माझ्या आजीचा भाऊ गेला होता, गोदीत हमालीला.
लढाईत सगळे चालत निघाले म्हणे, तो पण निघाला."
मग?
"मग काय. निघाला."
कात्रीनं पान कापत राहिली.
वाटेत त्याला कुणी भात दिला असेल, नसेल,
हे फेडणं आहे की नुसतंच देणं,
कुणी काढलं नाही. दोरा संपला होता.

मार्केट यार्डात तुरीच्या पोत्यावर हात ठेवून मी विचारलं,
ही तिकडचीच ना? पैसा कुणाच्या घशात जातो?
शेठ हसले नाहीत, हे त्यांचं बरं.
"बंदूकवाल्याला जातो, ताई. पेरणाऱ्यालाही जातो.
दोघांना वेगळं करील अशी चाळणी
माझ्या दुकानात नाही."
तूर न घेता परत आले.
मुगाची आमटी पोरांनी ताटात ठेवली.
माझं अजून ठरत नाहीये.

चार पुतळ्यांपाशी रिक्षा थांबते.
मार्शल लॉ हा शब्द आमच्या गावाला
समजावून सांगावा लागत नाही.
पण त्या चौघांची नावं सलग घे म्हणा मला.
तीन येतात. चौथ्याला अडते.
फासावर जात नाहीत नावं,
अशी जातात, रिक्षात बसून, सुट्टे पैसे मोजताना.

म्हणून ते नाव.
इरय्यानं आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन काळा केला.
जकार्डला गोल येत नाही, पायरी येते;
एका वाटोळ्या अक्षराला बारा पायऱ्या चढाव्या उतराव्या लागतात.
पुठ्ठ्याला भोकं पाडताना हात एकदाच थांबला:
"हा ठिपका अक्षराचा, की काचेवरचा?"
धोतराच्या सोग्यानं पुसून बघितला.
अक्षराचाच होता.
ठक.

माग चालू झाला. पांढऱ्यावर निळं,
उलटून बघावं तर निळ्यावर पांढरं.
नाव दोन्हीकडून आलं.
चूक असेल तर दोन्हीकडून चूक.

बेचाळीस चादरी, त्यातल्या एकीवर नाव.
टपालातल्या पोरानं गठ्ठ्यांकडे बघून विचारलं, आत काय?
सूत, म्हटलं.
किंमत किती टाकू?
मी राजव्वाकडे बघितलं.
"सेकंड माल आहे," ती म्हणाली, "टाक काहीतरी."

अंबण्णाचा फोन अजून नाही. नेट बंद असेल.
सुरुवातीला तिकडे रात्री आठला
घराघरात भांडी वाजवायचे, त्यानंच सांगितलं होतं.
आठला आमच्या गल्लीत माग चालूच असतात,
त्यात भांडं काय, हलगी ऐकू येणार नाही.
तरी राजव्वा सुपाच्या कडेवर कात्री दोनदा आपटते
आणि पुढचं पान घेते.

इरय्यानं पुठ्ठे टाकले नाहीत,
सुतळीनं बांधून खिळ्याला अडकवलेत.
"काठ तोच राहील," म्हणतो.
"दुसरं नाव आलं, तर मधलं तेवढं पाडायचं."