वजनकाटा क्रमांक दोन

क्लाइपेडा बंदर, पहाटेचे पाच पन्नास.
पहिला ट्रक काट्यावर चढतो
आणि माझ्या खुर्चीखालची जमीन किंचित दबते.
बावीस वर्षांत मला घड्याळ लागलेलं नाही.

गहू, मोहरी, भंगार, खत.
भरलेला येताना तोलायचा,
रिकामा जाताना तोलायचा,
वजाबाकी करून शिक्का मारायचा.
हिवाळ्यात त्याआधी काट्यावरचा बर्फ झाडायचा,
नाहीतर आभाळाचं वजन गव्हाच्या नावावर चढतं.

रद्द पावत्यांच्या पाठीवर माझं एक राज्य आहे.
दोन ट्रकांच्या मधे कधी चार मिनिटं मिळतात,
कधी चाळीस सेकंद.
चाळीस सेकंदांत एक राणी विधवा होऊ शकते.
चार मिनिटांत तिला ते कळतं.

घरी कोबी चिरायचा, सासूचे डोळ्यांचे थेंब,
मग दहाला स्वयंपाकघराचं टेबल माझं.
रोमुआल्डास म्हणतो, निवृत्त झाल्यावर लिही की,
राज्य काय पळून जातंय?
भरल्या गाड्याला सूप जड नाही, म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी गाडा ओढलेला नसतो.

अकरा वर्षं माझा ड्रॅगन नुसता उडत होता.
डोंगरावरून, लढाईवरून, सातव्या प्रकरणावरून.
मिग्लेनं सगळं वाचलं, चौदा वर्षांची पोर,
आणि विचारलं, आई, हा खाली का उतरत नाही?
मी म्हटलं, ड्रॅगन आहे तो.
ती म्हणाली, हो, पण दमत नाही का?

मी तीन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

मग तो गुरुवार. झिग्मासचा ट्रक,
चाळीस टनांची हद्द, चारशे किलो जास्त.
थोडं उतरव, मी म्हटलं.
त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं:
ऑड्रोने, चारशे किलोंनी काय पूल कोसळतो?

मागे अकरा ट्रकांची रांग, सगळ्यांचे हॉर्न,
आणि मी पावतीवर लिहिलं: पूल.

त्या रात्री पहिल्यांदा मी त्याला तोलला.
हाडं, खवले, तीनशे वर्षांचं खाल्लेलं मीठ,
पोटातली आग (आगीचं वजन धरावं का,
यावर एक वाजेपर्यंत स्वतःशी भांडले):
अठ्ठेचाळीस टन.
पंख फाटलेले. मागे शत्रू. पुढे नदीवर लाकडी पूल,
आणि पुलाच्या तोंडाशी एक टपरी,
टपरीत एक बाई, पायात लोकरीचे मोजे,
हातात शिक्का.

ती आत कशी आली मला माहीत नाही.
माझ्या राज्यात तोवर नोकरी करणारं कुणीच नव्हतं.
सगळे राजे, नाहीतर अनाथ.

ती काय म्हणाली, हे लिहायला सात महिने गेले.
उत्तर मी दिवसातून वीसदा ड्रायव्हरांना देत होते.
थोडं उतरव, ती म्हणाली.
आणि ड्रॅगननं सगळ्यात आधी
आग उतरवून ठेवली.

त्यानंतर कादंबरी मला थांबवता येईना.

कौनासच्या एका लहान प्रकाशकानं सहाशे प्रती काढल्या.
पैसे आले ते बॉयलरच्या दुरुस्तीला पासंगालाही पुरले नाहीत.
नोकरी आहेच. पाच पन्नास आहेच.

पहिली प्रत आली त्या दिवशी,
पाळी संपल्यावर, कुणी नाही बघून,
अठरा मीटर लांब काट्याच्या मधोमध मी पुस्तक ठेवलं
आणि धावत आत जाऊन पडदा पाहिला.

शून्य.

हा काटा वीस किलोंच्या पायरीनं चढतो,
त्याखालचं त्याला काही दिसत नाही.
मलाच माहीत होतं हे. तरीही मी उभीच राहिले,
आकडा हलेल म्हणून.

मागे हॉर्न. झिग्मास, रात्रीची फेरी.
काय तोलतेस? किती भरलं?

काही नाही, म्हटलं. शून्य.

मग जाऊ दे की त्याला, तो म्हणाला,
अडवलंयस कशाला?